वसईच्या खाडीचा पूर्वेतिहास : साधनांची छाननी

उत्तर कोंकणच्या इतिहासावर आजवर जें लिहिलें गेलें त्यांत राजे बदलतात, धर्म बदलतात, भाषा व नाणीं बदलतात. खाडी मात्र बदलत नाहीं. शूर्पारकाच्या व्यापाऱ्यानें जी खाडी ओलांडली तीच फिरंग्यांच्या गलबतांनीं वापरली, आणि तीच हल्लीं भाईंदर व नायगांव यांच्या दरम्यान आगगाडींतून आपणांस दिसते, असें गृहीत धरूनच बहुतेक लेखन झालें आहे. नकाशा एकच; त्यावर निरनिराळ्या शतकांचीं निशाणें रोवावयाचीं, अशी ही पद्धति आहे. ती आम्हांस मान्य नाहीं. उल्हास नदीचें हें मुख, म्हणजे ठाण्यापासून घोडबंदर, भाईंदर व पाणजू यांवरून जाऊन वसईच्या किल्ल्यापाशीं समुद्रास मिळणारें पाणी, हें स्वतःच इतिहासाचें एक प्रकरण आहे. त्याचीं साधनें इतर कोणत्याहि प्रकरणाच्या साधनांप्रमाणेंच कसून तपासल्यावांचून घेतां येत नाहींत. प्रस्तुत लेखांत त्यांपैकीं महत्त्वाचीं तेवढीं घेऊन, प्रत्येक साधन कोणत्या प्रश्नाची साक्ष देऊं शकतें व कोणत्या प्रश्नाची देऊं शकत नाहीं, एवढेंच पाहावयाचें आहे.

प्रथम परशुरामाचा बाण. महाभारताच्या शांतिपर्वांत सागरानें जामदग्न्यासाठीं शूर्पारक देश निर्माण केल्याची कथा आहे. पुढें सह्याद्रिखंडानें ती साऱ्या कोंकणास लावली. या कथेंत अनेक विद्वानांनीं, आणि त्यांहून अधिक हौशी लेखकांनीं, भूगर्भशास्त्र पाहिलें आहे. समुद्र मागें हटला, कोंकण वर आलें, आणि त्याची स्मृति लोकांनीं बाणाच्या रूपानें जपली, असें हें मत. वाचावयास तें गोड आहे. पण दिशाच उलटी आहे. सुमारें वीस हजार वर्षांपूर्वीं, शेवटच्या हिमयुगाच्या ऐन भरांत, पृथ्वीवरील पुष्कळसें पाणी बर्फाच्या रूपानें जमिनीवर साठलेलें होतें व समुद्राची पातळी हल्लींपेक्षां शंभर-सव्वाशें मीटर खालीं होती. मुंबईसमोरील समुद्रतळ फार दूरवर उथळ असून हा उथळ पट्टा तीनशें किलोमीटरांच्या सुमारास रुंद आहे. तेव्हां त्या काळचा किनारा क्षितिजापलीकडे कितीतरी पश्चिमेस होता; साष्टी हें बेट नव्हतें, वसईची खाडी ही खाडी नव्हती; डोंगर व त्यांच्या मधून जाणारी एक नदी एवढेंच तेथें होतें. त्यानंतर समुद्र आला आहे, गेलेला नाहीं. त्या काळची कांहीं लोकस्मृति उरतीच, तर ती जमीन बुडाल्याची उरावयास हवी होती.

तथापि कथेला मुळींच आधार नाहीं असेंहि आम्ही म्हणत नाहीं. समुद्र स्थिरावल्यानंतरच्या कांहीं सहस्रकांत खाड्यांचीं मुखें गाळानें भरत आलीं, व माणसांनीं बांध घालून खाऱ्या पाण्याखालची जमीन पिकाखालीं आणली. हा लाभ थोडका असला तरी डोळ्यांदेखत झालेला आहे. बाणाची कथा रचणाऱ्यांच्या मनांत कसली जमीन असेल तर ती ही असावी. तींत हिमयुग शोधणें म्हणजे ताम्रपटांत तारायंत्राची नोंद शोधण्यासारखें आहे.

आतां शास्त्रज्ञांच्या साधनांकडे वळूं. आपल्या किनाऱ्यावरील हिमयुगोत्तर समुद्रपातळीसंबंधानें हाशिमी, निगम, नायर व राजगोपालन या चौघांनीं १९९५ सालीं प्रसिद्ध केलेला आलेख वारंवार उद्धृत केला जातो. त्याचा सारांश असा : १४,५०० वर्षांपूर्वीं समुद्र शंभर मीटर खालीं होता, १२,५०० च्या सुमारास तो ऐशीं मीटरांवर आला, तेथें अडीच हजार वर्षें थबकला, पुढें १०,००० पासून ७,००० पर्यंत हजार वर्षांस वीस मीटर अशा वेगानें चढला, आणि त्यानंतर हल्लींच्या पातळीच्या आसपासच खालीं-वर होत राहिला. पश्चिम किनाऱ्याच्या सबंध उथळ समुद्रांतून मिळालेल्या नमुन्यांवर हा आलेख उभा असल्यानें त्याचें मोल मोठें आहे. मुख्य गोष्ट त्यानें निर्णायक रीतीनें दाखविली : वसईच्या खाडींत समुद्र शिरला तो या शेवटच्या वेगवान चढाच्या उत्तरार्धांत. कारण हल्लींच्या खाडीचा तळ ऐशीं मीटरांच्या कितीतरी वर आहे. तेथवर पाणी पोहोंचावयास तो चढ बहुतांशीं संपावा लागतो. म्हणजे खाडीचें वय सात-आठ हजार वर्षांच्या घरांत येतें. भूगर्भशास्त्राच्या मानानें हें तान्हें मूल होय.

पण इतिहासलेखक जेव्हां हाच आलेख घेऊन सोपाऱ्याच्या बंदराचा उदय व अस्त समजावूं पाहतात, तेव्हां साधनाच्या शक्तीबाहेरचें काम त्याच्या गळ्यांत बांधलें जातें. शंभर मीटरांचा चढ मोजण्यास जी काठी पुरते ती एक-दोन मीटरांचा फरक मोजण्यास पुरत नाहीं. शिवाय यांतील वर्षें हीं कर्बाच्या किरणोत्सर्गावरून काढलेलीं आहेत. 'आजपासून इतक्या वर्षांपूर्वीं' असें जेव्हां शास्त्रज्ञ लिहितात तेव्हां त्यांतील 'आज' म्हणजे इ. स. १९५० असतें. कर्बवर्षें व पंचांगाचीं वर्षें सारखीं नव्हेत. दहा हजार कर्बवर्षें म्हणजे पंचांगाचीं सुमारें साडेअकरा हजार. नमुना शिंपल्याचा असेल तर समुद्राच्या पाण्यांतील जुन्या कर्बामुळें त्याचें वय शेंकडों वर्षांनीं अधिक दिसतें व तेवढी वजावट करावी लागते. हिजरी व शक यांचा मेळ घालतांना एका वर्षाची चूक झाली तरी आम्ही एकमेकांवर तुटून पडतों. येथें मात्र हजार-दीड हजार वर्षांची तफावत निमूटपणें गिळली जाते, हें नवल आहे.

कोंकणांत ज्यास करळ म्हणतात त्या शिंपल्यांच्या दगडाचीहि गोष्ट तीच. किनाऱ्यावर ठिकठिकाणीं हा दगड हल्लींच्या भरतीच्या रेषेहून थोडा वर आढळतो, व त्यावरून सुमारें सहा हजार वर्षांपूर्वीं समुद्र हल्लींपेक्षां किंचित् उंच होता असें अनुमान केलें जातें. डेक्कन कॉलेजचे काळे व राजगुरु यांनीं १९८५ सालीं या सर्व पुराव्याचा एकत्र आढावा घेतला, तो अभ्यासकांनीं अवश्य वाचावा. परंतु वादळी लाटहि शिंपले वर फेंकते. एका ठिकाणच्या करळीवरून दुसऱ्या खाडीची पातळी ठरविणें धोक्याचें आहे.

याहून बोलका पुरावा मुंबई बेटांतच सांपडला. १८७५ नंतर प्रिन्सेस डॉकचें खोदकाम चाललें असतां निळ्या चिकणमातीच्या जाड थराखालीं एक सबंध रान निघालें. ३८२ झाडें मोजलीं गेलीं; त्यांपैकीं २२३ जागच्या जागीं उभीं होतीं, बाकीचीं आडवीं. झाडें खैराचीं. हीं मुळें ओहोटीच्या पाण्याच्याहि खालीं होतीं. खैर हा कोरड्या माळाचा वृक्ष आहे; तो तिवरासारखा चिखलांत उभा राहत नाहीं. तेव्हां तेथें एके काळीं कोरडी जमीन होती, समुद्र तिच्यावर आला, झाडें उभ्याउभ्या मेलीं व गाळानें झांकलीं गेलीं, एवढें निर्विवाद आहे. पण जुन्या भूगर्भशास्त्रज्ञांनीं यावरून काढलेला निष्कर्ष असा कीं, येथील जमीन खचली. समुद्र स्वतः चढूं शकतो हा विचार त्या काळीं रुळला नव्हता, म्हणून सगळा भार जमिनीवर टाकला गेला. आणि तोच निष्कर्ष पुढें पाठ्यपुस्तकांतून व तेथून इतिहासग्रंथांतून आजतागायत उतरत आला आहे. सर्व जगांतील समुद्र चढल्याचें सिद्ध झाल्यावर स्थानिक खचण्याची कल्पना प्रथम बाजूस ठेवावी, व तिच्यावांचून उलगडा होतच नसेल तरच तिला बोलवावें, हा न्याय होय. मुंबईच्या पूर्व किनाऱ्यावरचें हें रान साष्टीच्या उत्तर टोंकास जसेंच्या तसें लागू करतां येणार नाहीं; मात्र वसईच्या खाडीच्या चिखलाखालींहि काय शोधावें हें तें आपणांस शिकवितें.

पुरातत्त्वाच्या साधनांत साष्टींतील दगडी हत्यारें पहिलीं. कमांडर टॉड यांनीं १९३० नंतरच्या दशकांत कांदिवली व पश्चिम किनाऱ्यावर तीं गोळा केलीं, व किनाऱ्यावरच्या सूक्ष्म हत्यारांवर १९५० सालीं 'एन्शंट इंडिया'त लिहिलें. माणूस येथें खाडीच्या आधींपासून आहे, एवढी महत्त्वाची गोष्ट त्यांवरून कळते. पुढें एकदम सोपारा. पंडित भगवानलाल इंद्रजी यांनीं १८८२ सालीं तेथील स्तूप उकलला व अशोकाच्या आठव्या धर्मलेखाचा तुकडा उजेडांत आणला. नवव्याचा तुकडा १९५६ सालीं भुईगांवास मिळाला. भुईगांव सोपाऱ्याच्या पश्चिमेस, समुद्राच्या अधिक जवळ. यावरून मौर्यकालीं किनारा हल्लींइतकाच किंवा त्याच्या पुढें होता असें प्रतिपादन कोणी करूं लागेल, तर त्यास आमचें उत्तर एवढेंच कीं, सुटी शिळा हलविली जाते. कान्हेरीच्या लेखांत सोपारा व कल्याण येथील दात्यांचे उल्लेख आहेत. सोपाऱ्याहून कान्हेरीस यावयाचें तर खाडी उतरल्यावांचून गत्यंतर नाहीं. तेव्हां इसवी सनाच्या पहिल्या शतकांत हा उतार नित्याचा होता. खाडीची रुंदी किती, खोली किती, यांविषयीं कान्हेरी मुकी आहे. आणि सोपाऱ्याचें बंदर गाळानें मेलें कीं व्यापाराची वाट बदलल्यानें मेलें, हा प्रश्न कागदांनीं सुटावयाचा नाहीं. तेथील ओढ्यांचा गाळच त्याचा न्याय करील.

शिलाहारांच्या ताम्रपटांत साष्टीस 'षट्षष्टि' म्हटलें आहे, छित्तराजाच्या शके ९४८ (इ. स. १०२६) च्या भांडुप ताम्रपटांत षट्षष्टि विषयांतील गांव दिलेलें आहे. सहासष्ट गांवें हा महसुलाचा आंकडा आहे, क्षेत्रफळाचा नव्हे. तो पुढें शतकानुशतकें तसाच चालत आला, याचा अर्थ जमीन तेवढीच राहिली असा होत नाहीं. महिकावतीच्या बखरीसंबंधानें याहून अधिक सावध राहिलें पाहिजे. राजवाड्यांनीं १९२४ सालीं ती छापली तेव्हांच तिचीं सहा प्रकरणें निरनिराळ्या काळचीं असल्याचें दाखवून दिलें, त्यांपैकीं जुनीं केशवाचार्याचीं, शके १३७० (इ. स. १४४८) चीं. असें असतां बखरींतलें प्रत्येक गांव सरसकट बिंबराजाच्या काळीं वसलेलें मानण्याची चाल पडली आहे. गांवाचें नांव ज्या प्रकरणांत येतें त्या प्रकरणाच्या लेखनकाळीं तें गांव होतें, एवढीच बखरीची साक्ष. ही मर्यादा पाळली तर मात्र बखर आमच्या कामास फार उपयोगी आहे : गांव खारवट सखल जागीं असेल तर त्या तारखेपूर्वीं तेथें पाणी अडविलें गेलें होतें, असा पक्का उत्तर टप्पा हातीं लागतो.

येथून आम्ही धारावीकडे येतों. आणि या लेखाचा गाभा तोच आहे. मुंबईच्या पोटांतली धारावी ती ही नव्हे. साष्टीच्या वायव्य टोंकास, वसईच्या किल्ल्यासमोर, उत्तन, डोंगरी, गोराई हीं गांवें ज्या डोंगराळ भूमीवर आहेत तिचें जुनें नांव धारावी बेट. वसईच्या मोहिमेंत मराठ्यांनीं ठाणें १७३७ च्या मार्चांत घेतलें, धारावी १७३९ च्या मार्चांत, आणि वसई त्याच वर्षीं मे महिन्यांत. सरदेसाई यांनीं छापलेल्या पेशवे दप्तराच्या सोळाव्या भागांतील या मोहिमेचे कागद सर्वांस परिचित आहेत. लढवय्याची दृष्टि खाडीस दोनच रूपांत ओळखते, अडथळा व वाट. त्यामुळें धारावी घेतल्यावांचून वसईचें मुख बंद होत नाहीं, हें त्या कागदांवरून स्वच्छ कळतें. धारावी व साष्टी यांच्या मधल्या पाण्याचें स्वरूप मात्र त्यांवर अवलंबून ठरवितां येत नाहीं.

हें पाणी कोठें गेलें? दक्षिणेस मनोरीची खाडी अद्याप आहे. पण उत्तरेकडून भाईंदरहून राई, मुर्धे, मोर्वे यांवरून उत्तनला जाणाऱ्या माणसास होडीची गरज पडत नाहीं. तो बेटावर केव्हां आला हेंहि त्यास कळत नाहीं. वाटेंत दोहों बाजूंस मिठागरें व खारें. १८८२ च्या ठाणें गॅझेटियरांतहि धारावीस बेटच म्हटलें आहे. बेटाचें बेटपण घालविणारें पाणी समुद्र उतरल्यानें गेलेलें नाहीं, कारण त्या अवधींत समुद्र उतरला नाहीं. तें गाळानें उथळ झालें आणि बांधानें संपलें.

बांधाचें साधन इतिहासकारांनीं अगदींच उपेक्षिलें आहे, म्हणून त्याविषयीं थोडें विस्तारानें लिहिणें प्राप्त आहे. खाजणाच्या कडेनें चिखलाचा बांध घालावयाचा, त्यांत ओहोटीस उघडणारी व भरतीस मिटणारी उघाडी ठेवावयाची, दोन-तीन पावसाळे जमीन गोड्या पाण्यानें धुवून काढावयाची, मग भात. ठाणें व कुलाबा या जिल्ह्यांत अशा जमिनींची शिलोत्री नांवाची स्वतंत्र पद्धतिच होती. बांध राखणारा शिलोत्रीदार त्याबद्दल बिघ्यामागें धान्य घेई. उधाणाच्या भरतीनें बांधास खांड पडली तर शेत पुन्हा खारें. ज्यांस भात परवडेना त्यांनीं त्याच जागीं मिठाचे आगर केले. आगरी हें नांवच या धंद्याचें.

या बांधांत एक गोष्ट अशी आहे कीं, जी कागदांत लिहिलेली नसते. बांधाबाहेरच्या खाजणावर प्रत्येक भरती थोडा गाळ टाकते व तें हळूहळू उंच होत जातें. बांधाआंतल्या जमिनीस गाळ मिळत नाहीं. उलट ती वाळते, दबते व बसते. पिढ्या गेल्या कीं आंतली जमीन बाहेरच्या चिखलाहून खालीं राहते. म्हणून खारलेली जमीन ही एकदां मिळवून संपणारी वस्तु नव्हे. ती रोज राखावी लागते.

१८७० सालीं मिरे, भाईंदर व घोडबंदर येथील जमिनींचा ९९९ वर्षांचा पट्टा सरकारनें करून दिला; शेतांत खारें पाणी शिरूं नये म्हणून बांध घालणें हें त्या व्यवहाराचें एक कारण होतें. त्यावरून निघालेले कज्जे एकविसाव्या शतकापर्यंत चालत आले. वकिलांनीं तो पट्टा मालकीसाठीं शेंकडों वेळां वाचला असेल. खाडीच्या इतिहासासाठीं तो कोणीं वाचल्याचें आमच्या पाहण्यांत नाहीं. वास्तविक त्याची सर्वांत महत्त्वाची साक्ष मालकीची नाहींच. इ. स. १८७० मध्यें या गांवांच्या शेतांपर्यंत भरतीचें पाणी येत होतें, व तें अडविण्यासारखें आहे असें सरकारास वाटत होतें, ही ती साक्ष. त्याच्या अगोदर सहा वर्षें, १८६४ सालीं, मुंबई-बडोदें रेल्वे खाडीवरून गेली. तिच्या भरावानें सखल जमिनीचे दोन भाग पाडले. पुढें १९८५ सालीं नगरपरिषद, २००२ सालीं महानगरपालिका, आणि २०११ च्या गणतींत आठ लाखांवर वस्ती.

२६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझ येथें एका दिवसांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला व साष्टीचे सखल भाग पाण्याखालीं गेले. तेव्हांपासून असें कांहीं घडलें कीं 'समुद्र चढतो आहे' हें उत्तर तयार असतें. तें खोटें नाहीं. पण प्रमाण पाहिलें पाहिजे. मुंबईस अपोलो बंदरावर १८७८ पासून भरतीची पातळी मोजली जात आहे, व विसाव्या शतकांतील चढ वर्षास सुमारें एक मिलिमीटर भरतो. हिमयुगानंतरच्या वेगवान चढाच्या काळीं तो वर्षास वीस मिलिमीटर होता. हा वेग पुढें वाढेल अशी शास्त्रज्ञांची भीति सकारण आहे. परंतु मिरे-भाईंदरांत आजवर जें पाणी तुंबलें त्याचा मुख्य जाब समुद्रास नव्हे, बांधाआंत बसलेल्या जमिनीस व बुजविलेल्या उघाड्यांस विचारावा लागेल. घर बांधणाऱ्यास जी जमीन वाटली ती खाडीच्या दप्तरांत अद्याप खाजण म्हणूनच दाखल आहे.

तें दप्तर म्हणजे चिखल. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेंतील कुमारन व लिमये यांनीं कोंकणच्या खाड्यांतील चिखलांतले पराग पाहून कांदळवनांची वाढ व घट आणि पावसाचें मान यांचा संबंध जोडला आहे. कांदळ, तिवर व भात यांचे पराग वेगळे ओळखतां येतात. खाऱ्या व गोड्या पाण्यांतले सूक्ष्म कवचधारी जीवहि वेगळे. एकाच भोकांतून वर येणाऱ्या थरांत खालीं खडक, त्यावर कोरड्या जमिनीची माती, मग समुद्राचा निळा चिखल, मग कांदळ, आणि सर्वांत वर भात किंवा मीठ, असा क्रम मिळाला तर तो कोणत्याहि बखरीहून अधिक सलग इतिहास होईल. बखरीचें, ताम्रपटाचें व पट्ट्याचें काम तेव्हां सुरू होतें : वरच्या थरांस नांवें व तारखा देण्याचें.

आणि अशीं भोकें रोज पाडलीं जात आहेत. मिरारोड व भाईंदर येथें प्रत्येक उंच इमारतीच्या, प्रत्येक पुलाच्या पायासाठीं चिखलांतून खडकापर्यंत छिद्र घेतात, कोणत्या खोलीवर काय लागलें याची नोंद करतात, पाया भरतात व नोंद फेंकून देतात. संशोधन मंडळांनीं जुन्या वाड्यांतले रुमाल जसे मागून आणले तशा या नोंदी मागून आणल्या पाहिजेत. त्या वाळवीनें नव्हे, सिमेंटानें नष्ट होत आहेत. आरंभ कोठून करावा असें कोणी विचारील तर आम्ही मोर्वे व डोंगरी यांच्या मधलीं मिठागरें दाखवूं. धारावी बेट होती तें पाणी तेथेंच कोठें तरी होतें. तेथील चिखलांत कांदळ कोणत्या खोलीवर संपतो व त्यावर कोणत्या शतकाचा बांध बसला आहे, हें एका छिद्रानें कळण्यासारखें आहे.